माटोळीचे चार हूक

कृष्णनाथ गावस कुणाच्याही घरात शिरला की आधी वर बघतो. यजमान 'या, बसा' म्हणतोय, आतून पाण्याचा पेला येतोय, आणि हा गृहस्थ मान वर करून छत न्याहाळत उभा. माझ्याकडे पहिल्यांदा आला तेव्हाही तेच. मला वाटलं, माझ्या जुन्या पंख्याकडे बघून हा काहीतरी सुचवतोय, आणि मला राग आला. मला राग लवकर येतो. मी पेडण्याचा, त्यातून जन्मभर वीज खात्यात मीटर वाचत दारोदार फिरलेला. लोकांची कुत्री आणि लोकांची तोंडं भरपूर सोसून झाल्यामुळे माझ्यात आता सोसायचं काही शिल्लक नाही.

"किते शोधतात?" मी घुश्शातच विचारलं.

"शोधूक ना हो, मीटरकार," तो म्हणाला. लाटंबार्स्याला त्यांच्या घरचं मीटर मी वाचायचो, ते त्याला आठवत होतं. "तुमी माटोळी खंय बांधतात तें पळयतां."

गोव्याबाहेरच्या वाचकाला हे सांगायला हवं. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर एक लाकडी चौकट छताला टांगतात आणि तिला रानातली फळं, फुलं, पानं बांधतात. ती माटोळी. मखर विकत मिळतं, रोषणाई भाड्याने मिळते, पण माटोळी ज्याची त्याला बांधावी लागते. आणि कृष्णनाथ त्यातला दर्दी माणूस. तो सुर्ल्याच्या खाणीवर खनिजाचा ट्रक चालवायचा. बाकीचे ड्रायव्हर खेपा वाढवण्याच्या मागे, आणि याची नजर रस्त्याकडेच्या झाडीत, कुठे कांगलं पिकायला आलं, कुठल्या वेलीला कवंडाळ धरलं. श्रावण संपता संपता त्याच्या ट्रकच्या केबिनमध्ये बसायला जागा नसायची. खाणी बंद पडल्या, ट्रक गेला, शाळेची बस हातात आली. तरी चवथ जवळ आली की बसमधली पोरं सांगायची, काकांनी आज मध्येच बस थांबवली आणि झाडावर चढले.

अशा माणसाने फ्लॅट घेतला. लोक फ्लॅट घेतात ते पोरांच्या शाळेसाठी, बाजार जवळ पडतो म्हणून, नाहीतर भावाने घेतला म्हणून. कृष्णनाथने घेतला तो केळीच्या एका पानासाठी.

ते पान त्याच्या बायकोचं. सुमंगला. लहानखुरी बाई, बोलणं कमी, हसणं त्याहून कमी, पण हसली की गालाला खळी पडते. लाटंबार्स्याचं गावसांचं घर मोठं. पाच भाऊ, पाच चुली, पण गणपती एकच. तिथली रीत अशी की नैवेद्याचं पान थोरल्या सुनेने, मंगलवयनीने न्यायचं. सुमंगलाच्या वाट्याला लग्न होऊन आल्या दिवसापासून नारळ खोवणं आलं, ते तिथेच राहिलं. एवढ्या मोठ्या कुटुंबाच्या चवथीच्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या, आणि वर खतखत्याची मिसळ भाजी, तेव्हा नारळ किती ते विचारू नका. गणपती तिला दिसायचा आरतीच्या वेळी, आणि तोही दिरांच्या खांद्यांच्या फटीतून. कुणी तिचा छळ केला असं मुळीच नाही. मंगलवयनी तर मायाळू बाई. पण रीत ती रीत. सुमंगलाने नवऱ्याला एकदाच म्हटलं होतं, "एक चवथ आपल्या घरांत जाय. पान हांवें न्हेवचें." स्वतःच्या घरात एक चवथ हवी आणि पान तिने न्यावं, एवढंच; पुन्हा म्हणून त्याविषयी अवाक्षर नाही. कृष्णनाथने ते मनात धरून ठेवलं.

आता गणपती वेगळा करायचा म्हणजे पातेली वाटून घेण्यासारखं नसतं. आधी भावांना विचारावं लागतं, मग देवीला. भाऊ हो म्हणाले. देवीपुढे कौल लावला, मूर्तीच्या अंगावर फुलाच्या पाकळ्या लावल्या आणि सगळे श्वास रोखून बसले. उजव्या बाजूची पाकळी पडली. म्हणजे देवीने हो म्हटलं. कृष्णनाथ देवळातून निघाला तो तडक डिचोलीला, फ्लॅट बघायला.

आमची इमारत डिचोलीच्या वेशीवर, लाटंबार्स्याच्या वाटेला. नाव 'कुळागर रेसिडेन्सी'. इथे पूर्वी खरंच पोफळींचं कुळागर होतं. ते तोडलं आणि त्याचं नाव पाटीवर लावलं, हल्ली असंच करतात. बांधणारा नारायणबाब इथलाच. गोड बोलणारा, देवळाच्या कामाला सढळ हाताने देणारा. वरच्या मजल्याच्या स्लॅबला फळ्या लागत होत्या तेव्हा कृष्णनाथ साइटवर गेला आणि म्हणाला, बाकी कसंही करा, पण हॉलच्या स्लॅबमध्ये आतल्या सळीला बांधून चार हूक सोडा, माटोळीसाठी.

नारायणबाबने छातीवर हात ठेवला. "कृष्णनाथबाब, माटोळी म्हज्याय घरांत आसा. देवाचें काम तें. घालतां म्हणजे घालतां."

मी नंतर कृष्णनाथला विचारलं, हे करारात का घालून घेतलं नाही? त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काहीतरी अभद्र बोललो. "माटोळीच्या कामाक करार?" तो म्हणाला.

ताबा मिळाला त्या दिवशी आम्ही दोघेही तिथे होतो. त्याच्या भिंतीला माझी भिंत, दोन्ही फ्लॅट गच्चीखाली. कृष्णनाथ दारातून आत गेला आणि सवयीने वर बघितलं. हॉलच्या मधोमध पंख्याचा हूक होता. बाकी स्लॅब सपाट, पांढरीशुभ्र. नारायणबाबने कपाळावर हात मारून घेतला. "रावलें रे! गडबडीत रावलें. तूं एक कर, मशीन लावन मारून घे. चार हुकांचें किते व्हडलें!" कृष्णनाथने मान डोलावली, ताब्याच्या कागदावर सही केली, आणि दुसऱ्या दिवशी ड्रिल मशीनवाला बोलावून चार भोकं पाडून हूक ठोकून घेतले. शब्द मोडला म्हणून भांडायचं सोडून याने त्या माणसाला चहा पाजला. मी असतो तर... जाऊ दे.

त्या वर्षीची चवथ मला विसरायची आहे आणि विसरता येत नाही.

आदले कितीतरी दिवस पाऊस एकसारखा लागून होता. पण आमच्या मजल्यावर कुणाला त्याचं भान नव्हतं. कृष्णनाथच्या माटोळीकडे बघायला खालच्या मजल्यांवरचे लोक येत होते. सुपारीची कातर म्हणजे अख्खा घड, आंबाडे, तोरिंगं, लालभडक कांगलं, केशरी कवंडाळं, आणि अशी कितीतरी रानफळं ज्यांची नावं त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हती. खाली चौरंगावर मातीचा गणपती, डिचोलीच्याच चित्रकाराकडचा, डोळे इतके जिवंत की आपण बाजूला सरकलो तरी बघतोय असं वाटावं. आतून खतखत्याचा वास येत होता. सुमंगला पहाटेपासून एकटी राबत होती आणि मुलगी गौरवी मदतीला गेली की तिला हाकलत होती. त्या दिवशी नारळसुद्धा तिला दुसऱ्याला खोवू द्यायचा नव्हता.

पूजा झाली. भटजींनी हाक मारली, नैवेद्य आणा. सुमंगला स्वयंपाकघराच्या दारात आली. नवी हिरवी साडी, दोन्ही हातांवर वाढलेलं पान. गालाला खळी पडली होती.

तेवढ्यात गणपतीच्या मुकुटावर टप्प असा एक थेंब पडला.

आम्हाला वाटलं, माटोळीतल्या फळाला लागलेलं पाणी असेल. मग दुसरा पडला, तिसरा पडला, आणि मग धारच लागली, बारीक, चुन्यासारखी पांढरट. मूर्ती कच्च्या मातीची. कपाळाचा रंग डोळ्यांत उतरला. सोंड नरम होऊन तिचं टोक सुटलं आणि चौरंगावर पडलं. कृष्णनाथने धावत जाऊन दोन्ही हात गणपतीवर धरले. कुणी छत्री आणली. घरात, हॉलमध्ये, गणपतीवर छत्री धरून आम्ही उभे. भटजी म्हणाले, आता ठेवता येणार नाही, उत्तरपूजा करून लगेच विसर्जन करा. पाऊस चालूच होता, त्या पावसात चौरंग उचलला. सुमंगला दारातच उभी होती. पान ठेव असं तिला कुणी म्हटलं नाही, आणि पान तिच्या हातांवरच राहिलं.

दुसऱ्या दिवशी मंगलवयनी भेटायला आली. बिचारीने सुमंगलाला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "व्हडल्या घरांत अशें केन्ना जालें ना गो." तिच्या मनात वाकडं काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. पण ते वाक्य सुमंगलाने जे उचललं ते कायमचं. देवाला इथे यायचंच नव्हतं असं तिने धरलं, आणि संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं, "देवाक हांगा येवचें नासलें. आमीं ओडून हाडलो."

मी दुसऱ्याच दिवशी सांगून बसलो होतो, "अहो, गच्ची गळते! नारायणबाबला धरा!" तर कृष्णनाथ हळूच म्हणाला, "गळटा तर गळूं दी मीटरकार. पूण थेंब तुमच्या माथ्यार पडलो ना. म्हज्या माथ्यार पडलो ना. गणपतीच्याच कित्याक पडलो?" मी चिडलो आणि घरी गेलो. मला उत्तर सुचलं नाही की मी चिडतो.

त्याने तक्रार केली नाही. इथेच सगळं चुकलं, असं मला आजही वाटतं. दुसऱ्या कुठल्या गावचा माणूस गच्ची गळली की बिल्डरच्या दारात जाऊन बसेल. आमचा माणूस जाऊन देवीपुढे बसला. नारळ ठेवला, गाऱ्हाणं घातलं, चुकलं असेल तर क्षमा कर म्हणाला. पुढच्या चवथीला दोघं लाटंबार्स्याला गेली. कृष्णनाथने मोठ्या घराची माटोळी बांधली आणि सुमंगला खाली बसून नारळ खोवायला लागली. सगळं पूर्ववत. तिने त्यावर ब्र काढला नाही, आणि तेच कृष्णनाथला खात होतं.

पण पाऊस काही माणसाच्या मनाप्रमाणे चालत नाही. त्याच वर्षी माझ्या झोपायच्या खोलीत भिंत फुगली. पलीकडच्या पूनमच्या घरात छतातल्या दिव्याच्या डब्यातून पाणी यायला लागलं. पूनम बेळगावकडची, नवरा औषधांच्या कारखान्यात, आणि मांडीवर तान्हं मूल. ओलीने त्या पोराची छाती सारखी भरायची, आणि त्याचा खोकला मला भिंतीतून ऐकू यायचा. नारायणबाब दर वेळी एक माणूस पाठवायचा. तो माणूस रंगाचा डबा घेऊन यायचा आणि ओल्या डागावर पांढरा रंग फासून जायचा. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. शेवटी आम्ही ठरवलं की पणजीला रेराकडे जायचं. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत असा दोष निघाला तर बिल्डरने तो स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो, हे मला माझ्या भाचीने, प्रतीक्षाने सांगितलं. ती इंजिनियर आहे आणि तिचा स्वभाव माझ्यावर गेलाय.

कृष्णनाथ सही करेना. "देवाचें पाणी तें. माणसार कशी केस घालपाची?" मी त्याला नको नको ते बोललो. प्रतीक्षाने मला गप्प केलं आणि म्हणाली, "मामा, भांडू नका. आपण गच्चीवर पाणी साठवून बघू."

ऐन मार्चचा महिना. आभाळात औषधाला ढग नव्हता. गच्चीवर कडेने सिमेंटचा छोटा बांध घातला, पाणी भरलं, आणि प्रतीक्षाने त्यात हिरवा रंग मिसळला. दुसऱ्या दिवशी दुपारी कृष्णनाथच्या हॉलमध्ये आम्ही सगळे माना वर करून उभे. त्याला तर सवयच होती. आधी पूनमचा आवाज आला पलीकडून, "आलं, आलं! डब्यातून हिरवं पाणी आलं!" आणि मग इथे, माटोळीच्या एका हुकाच्या मुळाशी एक थेंब फुगला, थरथरला आणि पडला. कृष्णनाथने तो तळहातावर झेलला. हिरवा.

प्रतीक्षाने समजावून सांगितलं. गच्चीवर पाणी अडवणारा थर घातलेलाच नव्हता. पाणी स्लॅबमध्ये मुरत होतं आणि बाहेर पडायला वाट शोधत होतं. पूनमकडे त्याला दिव्याचा डबा सापडला, इथे हुकाचं भोक सापडलं. हुकाने पाणी आणलं नाही, फक्त वाट दिली. आणि माटोळी गणपतीच्याच डोक्यावर बांधतात, म्हणून थेंब गणपतीवर पडला. एवढं साधं.

कृष्णनाथचा चेहरा मी तेव्हा पाहिला. किती तरी महिने छातीवर ठेवलेला धोंडा कुणी उचलला असा. तो तळहात तसाच पुढे धरून स्वयंपाकघरात धावला. "गो, पळय! पाचवें! देवाचें पाणी पाचवें आसता?" पाचवें म्हणजे आमच्याकडे हिरवं.

सुमंगलाने त्याच्या हाताकडे बघितलं. "तुमीं वयर ओतलां तें सकयल पडलां," ती म्हणाली आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली. बाई रागावली नव्हती. तिला पटलंच नव्हतं. आम्ही सगळी तिचीच माणसं, तिची समजूत घालायला काहीही करू, असं तिला वाटत असावं.

त्या दिवसापासून कृष्णनाथ आमच्या सगळ्यांच्या पुढे. तक्रारीवर पहिली सही त्याची. पणजीच्या खेपांना रजा काढून तोच आधी तयार. त्याला एकच हवं होतं, आणि ते तो सगळ्यांना सांगत सुटला होता: नारायणबाबने तोंडाने म्हणावं की पाणी माझ्या चुकीचं. परक्याने, ज्याने केलं त्याने म्हटलं की सुमंगलाला पटेल.

आम्हाला आधी सलोख्याने मिटवायला बसवलं. लांब टेबल, एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला नारायणबाब आणि त्याचा वकील, मध्ये मध्यस्थ बाई, शांत आणि सरळ. कृष्णनाथने बसायच्या आधी तिथलंही छत बघून घेतलं. वकिलाने पहिलाच बाण काढला तो हुकांचा. गावस यांनी स्वतः मशीन लावून स्लॅबला भोकं पाडली, सबब जबाबदारी त्यांची.

कृष्णनाथ उभाच राहिला. "नारायणबाब, तुवेंच सांगिल्लें मू? मशीन लावन मारून घे म्हणून?"

नारायणबाब टेबलाकडे बघत म्हणाला, "माका याद ना."

मी काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. मध्यस्थ बाईंनी मला दोनदा बसवलं. पण प्रतीक्षाने पूनमच्या घरचे फोटो पुढे ठेवले, जिथे हूक नव्हता, भोक नव्हतं, तरी हिरवं पाणी होतं, आणि वकिलाचा सूर उतरला. मग गोष्टी झरझर पुढे सरकल्या. सगळी गच्ची नव्याने करायची, आतले गिलावे करायचे, दिवे बदलायचे, आणि हो, गावसांच्या हॉलमध्ये चार हूक नीट बसवून द्यायचे. बाईंनी विचारलं, आणखी कुणाला काही हवंय?

"माका," कृष्णनाथ म्हणाला. "एकच. हेणें म्हज्या घरा येवचें आनी म्हज्या बायलेक सांगचें, पाणी म्हज्या चुकीन पडलें, देवाच्या रागान न्हय. आनीक किते नाका."

बाई म्हणाल्या, "हे कागदात घालता येईल की नाही ते वकील सांगतील. पण त्यांना स्वतःहून म्हणायचं असेल तर कुणी अडवलेलं नाही." नारायणबाबने वर बघितलं. त्याचे ओठ हलले, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. माटोळी त्याच्याही घरात होती. पण वकिलाने त्याच्या मनगटावर हात ठेवला. त्याच्या आणखी दोन इमारती उभ्या राहत होत्या. इथे चुकलो म्हटलं की तिथली माणसंही दारात आली असती. कागद तयार झाला तेव्हा त्यात एक ओळ होती: बांधकामदार कोणताही दोष मान्य न करता, केवळ सलोखा म्हणून ही कामं करून देत आहे. असल्या कागदांत ती ओळ नेहमीच असते म्हणे.

कृष्णनाथने पेन खाली ठेवलं. त्याची सही नसेल तर कागद होणार नव्हता, आणि कागद झाला नाही तर पावसाच्या आत काम होणार नव्हतं. पूनम कोपऱ्यात पोराला थोपटत बसली होती, ते पोर तिथेही खोकत होतं. ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, त्याला रागवायला तरी कुणी मिळालं असतं.

तो बाहेर व्हरांड्यात गेला. मागोमाग नारायणबाब गेला, आणि त्यांच्यामागून मी, कारण माझा त्या माणसावर काडीचा विश्वास नव्हता. नारायणबाबने कृष्णनाथचे हात हातात घेतले. "कागदार म्हणूंक शकना रे. पूण काम जावंदी, मगीर हांव घरा येतां. वयनीक सांगतां. देवाची आण."

मी ओरडलो, "हुकांच्या वेळीही हेच म्हणाला होता!"

"देवाची आण घेतल्या, मीटरकार," कृष्णनाथ म्हणाला. आत जाऊन त्याने सही केली. मी असतो तर केली नसती, असं मी चारचौघांत सांगतो. पण त्याच्याआधी माझी सही झालेली होती.

काम मात्र चोख झालं, खोटं कशाला बोलू? मे महिन्यात गच्ची उकरून नवी केली, गिलावे झाले. हूक असे बसवले की हत्ती टांगावा. पावसाळा आला, कोसळला, आणि आमच्या मजल्यावर एक डाग नाही. पूनमच्या पोराचा खोकला गेला, आता ते भिंतीवर गाड्या आपटतं आणि मी ओरडतो.

नारायणबाबची वाट बघणं मात्र चालू होतं. रविवारी कृष्णनाथ हॉलमधल्या खुर्च्या नीट मांडून ठेवायचा. बेकरीतून खाजी, बिस्किटं आणून ठेवायचा. सुमंगलाने विचारलं तर म्हणायचा, "कोण येत आसत." फोन केला की नारायणबाब उचलायचा, गोड बोलायचा, पुढच्या आठवड्यात येतो म्हणायचा. चवथ जवळ आली तेव्हा त्याच्या ड्रायव्हरने एक टोपली आणून दिली, फळांची, वर नारळ. कृष्णनाथने ती दारातच ठेवून घेतली आणि ड्रायव्हरच्या मागून नारायणबाब येतोय का ते जिन्यात जाऊन बघितलं.

त्या रविवारी गौरवी आली होती. तिचं सासर पेडण्याला, माझ्याच गावात, म्हणून मी तिला चिडवायला गेलो होतो. ती आईला पटवत होती: यंदा गणपती इथे आणूया, बघ, छत कसं कोरडं आहे, बाबांनी भांडून करून घेतलं, सरकारी माणसांसमोर कागद झालाय. सुमंगला ऐकत होती. आणि मग तिने स्वतः विचारलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "कागदार किते बरयलां? वाच पळोवंया."

तिचा आवाज जरासा वर गेला होता. मला तरी वाटलं, तिला पटून घ्यायचंय. कृष्णनाथला ती ओळ आठवली असावी, तो म्हणाला, "तें इंग्रजींत आसा, मगीर वाच." पण गौरवीने कपाटातून कागद काढलाही होता. पोरगी हुशार, एकेक ओळ वाचून आईला आपल्या भाषेत सांगत गेली. गच्ची करतील. गिलावे करतील. हूक घालतील. "आनी हांगा म्हळां," ती म्हणाली, "हे सगळें ते करतले, पूण तेंचो कसलोच दोष ना, अशें धरून."

सुमंगलाने मान वर केली. "तेंचो दोष ना?"

"तसां बरोवपाची पद्धत आसता गो आई..."

"सही कोणाची आसा?"

गौरवीने कागदाकडे बघितलं, मग बापाकडे. "बाबांची," ती म्हणाली.

सुमंगलाने कागद हातात घेतला, त्याच्या घड्या जशा होत्या तशाच नीट घातल्या आणि नवऱ्याच्या हातात दिला. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी तिच्या बाजूने भांडलो असतो.

"तेंचो दोष ना म्हणून तुमीच सही केल्यात," ती म्हणाली. "मगीर आमचोच."

ती उठून आत गेली. लाटंबार्स्याला न्यायच्या पिशवीत तिने खोवणी भरलेली मी पाहिली. गौरवी रडायला लागली. कृष्णनाथ कागद धरून हॉलच्या मधोमध उभा राहिला आणि सवयीने वर बघितलं. चार हूक होते. छत अगदी कोरडं होतं.